कोपऱ्यातल्या चिन्हावरून कॅसेटचं साल काढणं: दूरदर्शन, झी, अल्फा, ईटीव्ही

जांभा (रत्नागिरी)

पावसाळा तोंडावर आला की माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात आणि व्हीएचएस कॅसेटींबद्दल, म्हणजे घरी टीव्हीवरून भरून ठेवलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींबद्दल, तेच तेच प्रश्न सुरू होतात. लेबल नसतं, असलं तर शाई उडालेली, नाहीतर नुसतं ‘गणपती + सिरियल’. मग साल ठरवायचं कशावरून? सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह. वाहिन्यांनी नावं बदलली, रूप बदललं, आणि त्या तारखा ठाऊक आहेत. या धाग्यात तेवढंच बोलू. आठवणी काढायला दुसरे धागे पडलेत.

आधी एक नियम, कारण घोळ इथेच होतो. कोपऱ्यातलं चिन्ह प्रसारण कधी झालं ते सांगतं. कार्यक्रमाच्या शेवटची पाटी निर्मिती कधीची ते सांगते. पुनःप्रक्षेपणात दोन्ही वेगवेगळी असतात. कार्यक्रम ओळखीचा निघाला म्हणून त्याचं साल कॅसेटवर लिहून मोकळं होऊ नका.

आता नावांचा हिशेब.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा ते आकाशवाणीच्याच पोटात होतं. जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून, आकाशवाणीपासून फारकत १ एप्रिल १९७६ ला. डोळ्याचं चिन्ह त्याच काळातलं, राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य यांनी रेखाटलेलं. रंगीत प्रसारण १९८२ चं. ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डिंगवर कोपऱ्यात बहुधा काहीच नसतं, तिथे निवेदिका आणि मधल्या पाट्या हाच आधार. मुंबई केंद्राची उपग्रह वाहिनी १९९४ पासून आहे, पण ‘सह्याद्री’ हे नाव एप्रिल २००० मधलं. म्हणजे सह्याद्री असं अक्षरात दिसलं की १९९० चं दशक बाद. मेट्रो वाहिनी नोव्हेंबर २००३ मध्ये गेली, त्या जागी डीडी न्यूज आली.

झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ची. मुंबई दूरदर्शनचीच तारीख, वीस वर्षांनी. हिंदीतली पहिली खासगी उपग्रह वाहिनी, एशियासॅट-१ वरून. खासगी वाहिनीला भारतातून अपलिंक करायची, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवायची, तेव्हा सोय नव्हती, म्हणून कार्यक्रमांच्या टेप हाँगकाँगला जायच्या.

अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ते मार्च २००५. त्या मार्चमध्ये झी समूहाने मराठी, बांगला, पंजाबी, गुजराती या सगळ्या वाहिन्यांचं ‘अल्फा’ काढून ‘झी’ केलं. ईटीव्ही मराठी जुलै २००० पासून, मार्च २०१५ मध्ये तिची कलर्स मराठी झाली. स्टार माझा जून २००७ ची, जून २०१२ पासून एबीपी माझा. स्टार प्रवाह नोव्हेंबर २००८ ची. यापुढचं व्हीएचएसवर क्वचितच सापडतं, डीव्हीडीवर सापडतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या कॅसेटींवर ‘ईएल टीव्ही’ दिसलं तर बुचकळ्यात पडू नका, ती झीचीच दुसरी वाहिनी.

वेंगुर्लेकर_आबा

तां खरां हा, जांभाभाऊ. पण नाव बदललं त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या कार्यक्रमांचं काय? ‘होम मिनिस्टर’ २००४ ला सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं चालला. नुसता कार्यक्रम बघून कोणी २००४ म्हणतो, कोणी २०१०.

जांभा

आबा, म्हणूनच तर कोपरा आधी. त्या कार्यक्रमावर अल्फा दिसलं तर २००४ चे शेवटचे महिने ते मार्च २००५, एवढाच काळ उरतो. यापेक्षा नेमकी खूण मराठी वाहिन्यांत दुसरी नाही. झी दिसलं तर मग जाहिरातींकडे वळायचं.

उलटही बघा. ‘आभाळमाया’ १९९९ ते २००३, म्हणजे पहिलं प्रसारण सगळं अल्फावर. ती झीच्या चिन्हासकट दिसली तर ते पुनःप्रक्षेपण, एपिसोडचा क्रमांक काही का असेना.

कातळशिल्प (राजापूर)

जांभाभाऊंच्या यादीला एक इशारा जोडतो: चिन्हाच्या रंगावरून साल ठरवू नका.

व्हीएचएसवर उजेडाचा तपशील आडव्या दिशेने साधारण २४० रेषा उतरतो, रंगाचा जेमतेम ४०. म्हणून कोपऱ्यातल्या एवढ्याशा चिन्हाचा रंग कधीच कडेपर्यंत नीट भरत नाही. लाल सगळ्यात जास्त फाकतो. प्रतीची प्रत काढली की रंग आकारापासून सुटून थोडा खाली आणि उजवीकडे सरकतो. प्रत्येक पिढीला ही घसरण वाढते, त्यामुळे ती बघून कॅसेट मूळ आहे की तिसऱ्या हाताची, हेही कळतं. विश्वास ठेवायचा तो आकारावर, अक्षरांवर आणि जागेवर.

अक्षरं वाचता येत नसतील तर व्हीसीआरवर पॉज करून डोळे फोडू नका. पॉजमध्ये एकच फील्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) दिसतं, म्हणजे ५७६ पैकी २८८ ओळी, वर आणि एखादा गोंगाटाचा पट्टा. त्याऐवजी असं करा:

१. चिन्ह सतत दिसणारा पाच-सहा सेकंदांचा तुकडा संगणकावर घ्या. दृश्य हलतं हवं, मधे एक-दोन कट असले तर उत्तमच.

२. आधी डीइंटरलेस करा, म्हणजे फील्डांच्या एकाआड एक ओळींपासून पूर्ण फ्रेम बनवा.

३. मग सगळ्या फ्रेम्सची सरासरी काढा. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये टीमिक्स फिल्टर आहे, १२८ फ्रेम्स पुरतात. सेकंदाला २५ धरले तर पाच सेकंद होतात.

४. मागचं सगळं पुसट करडं होतं आणि जे हललं नाही तेवढं, म्हणजे चिन्ह, उठून येतं. गोंगाटही सरासरीत मरतो.

स्थिर दृश्य घेतलंत तर फसाल. बातम्यांच्या निवेदकाचा खांदासुद्धा चिन्हासारखा उठून येतो.

जागेबद्दल: जुना काचेचा टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र कापून दाखवायचा, संगणकावर घेतल्यावर पूर्ण ७२० बाय ५७६ दिसतं. ‘आमच्या टीव्हीवर चिन्ह अगदी कडेला होतं’ ही खूण म्हणून चालत नाही. तळाच्या आठ-दहा ओळींत जी फाटकी, वाकडी पट्टी दिसते ती हेड (फीत वाचणारा भाग) बदलताना येते, सगळ्याच व्हीएचएसवर असते. तो कॅसेटचा दोष नव्हे.

आणखी एक. कॅसेटवर चित्र काळंपांढरं दिसलं म्हणून १९८२ च्या आधीचं म्हणू नका. सिग्नल कमजोर असला की रंगाचा भाग आधी बंद पडतो.

रेवदंडा_रोड (अलिबाग)

आमच्याकडच्या काही कॅसेटींवर कोपऱ्यात दोन चिन्हं आहेत. एक झीचं आणि खाली भलतंच नाव. हे काय?

मिऱ्या_बंदर (रत्नागिरी)

ते केबलवाल्याचं. कंट्रोल रूममध्ये अक्षरं टाकायचं यंत्र बसवून आपलं नाव किंवा खालून सरकणारी पट्टी वाहिनीवरच चढवली जायची: दिवाळीच्या शुभेच्छा, थकबाकी भरा, अमक्याकडे साड्यांचा सेल. सेट मॅक्स की झी सिनेमा अशी शंका येणारं चित्र पुष्कळदा दोन्ही नसतं, केबलवाल्याने स्वतःच्या व्हीसीआरवर किंवा व्हीसीडीवर लावलेला सिनेमा असतो. ओळखायचं कसं? वाहिनीचं चिन्ह जाहिराती लागल्या की बहुधा जातं किंवा बदलतं. केबलवाल्याचं नाव जाहिरातीवरही तसंच बसून राहतं. आणि ती सरकती पट्टी टाकून देऊ नका. तिच्यात गावातल्या दुकानाचं, मंडळाचं, जत्रेचं नाव असतं. राष्ट्रीय वाहिनीच्या चिन्हावरून वर्ष मिळतं, या पट्टीवरून महिना.

आता चित्रातल्या बिघाडावरून बघू. चित्र कुठून आलं हे बिघाड सांगतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तर ऋतूही सांगतो.

सगळीकडे सारख्या मुंग्या म्हणजे घरावरच्या अँटेनाने कमजोर घेतलेलं दूरदर्शन. उजवीकडे सरकलेली दुसरी पुसट सावली म्हणजे तेच, पण लाट डोंगरावर आपटून उशिरा आलेली. बारीक, तुटक, आडव्या काळ्या-पांढऱ्या ठिणग्या म्हणजे ॲनालॉग उपग्रह. मोठ्या डिशचं तोंड थोडं हललं किंवा एलएनबीत (डिशपुढे बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) पाणी गेलं की त्या येतात. चौकटी पडून चित्र गोठत असेल तर वाटेत कुठेतरी डिजिटल दुवा आहे.

एशियासॅट-१ पूर्वेला १०५.५ अंशांवर. रत्नागिरीहून डिशचं तोंड उत्तरेपासून ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेपासून दक्षिणेकडे पंचविसेक अंश, आणि उंची क्षितिजापासून ४८ अंश. हा सी-बँड, ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ, त्याला पाऊस फारसा बाधत नाही. म्हणून भर जुलैतही केबलवर झी स्वच्छ दिसायचं. आत्ताच्या छोट्या डिशचा केयू-बँड ११-१२ गिगाहर्ट्झचा, सड्यावर पावसाची सर आली की गेलाच. याचा उपयोग असा: जाडजूड पावसाच्या आवाजासकट घेतलेली लग्नाची कॅसेट आणि त्यावरच पुढे स्वच्छ झी, हे ॲनालॉग केबलच्या काळात अगदी शक्य आहे. ते बघून ‘दोन वेगळ्या ऋतूंतलं रेकॉर्डिंग’ असा तर्क करू नका.

महिना नेमका देणारी खूण वेगळी. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. ठिणग्या हळूहळू वाढत जातात, काही मिनिटं चित्र पूर्ण बुडतं, मग तशाच हळूहळू ओसरतात. आपल्या अक्षांशावर, १०५.५ अंशांच्या उपग्रहासाठी, हे १३ मार्चच्या आणि ३० सप्टेंबरच्या आगेमागे तीन-चार दिवस, सकाळी दहाच्या सुमारास होतं (मार्चमध्ये सव्वादहाकडे). एखाद्या सकाळच्या रेकॉर्डिंगवर हे दिसलं तर महिना हातात आला. चढ-उतार सावकाश हवा, हे महत्त्वाचं. चित्र झटक्यात गेलं आणि झटक्यात आलं तर ती वीज.

आडव्या जाड पट्ट्या, पडद्याच्या झडपांसारख्या, आणि मागे दुसऱ्याच भाषेतला आवाज: हे दूरदर्शनच्या व्हीएचएफ रेकॉर्डिंगवर दिसतं. मार्च ते मे समुद्रावर गरम हवेचा थर बसतो आणि त्याखालून लाटा शेकडो किलोमीटर वाहत येतात, त्याच चॅनलवरचं दूरचं केंद्र आपल्या केंद्रावर चढतं. म्हणजे उन्हाळा. पावसाळा लागला की हे थांबतं.

वेंगुर्लेकर_आबा

सूर्यवाली गोष्ट फक्त त्या एका उपग्रहापुरती ना? ईटीव्ही, सह्याद्री वेगळ्या उपग्रहांवर.

मिऱ्या_बंदर

बरोबर. तारखा जवळपास त्याच राहतात, वेळ बदलते. उपग्रह जितका डोक्यावर तितकी वेळ दुपारकडे. ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाला अकराच्या सुमारास, ८३ अंशांवरच्याला बाराच्या आसपास. म्हणून उलटा हिशेबही करता येतो. चित्र बुडालं त्याची वेळ बातम्यांतल्या घड्याळावरून कळली तर उपग्रह कुठला ते निघतं.

शिंपला_ताई (मुरुड)

जाहिरातींच्या खुणा मी देते. चिन्हाने मोठा काळ मिळतो, जाहिरातीने तो आवळता येतो.

₹ हे चिन्ह दिसलं तर जुलै २०१० नंतरचं. त्याआधी ‘रु.’ किंवा आरएस. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका स्पष्ट दिसत असेल तर साधारण २००१-०२ च्या अलीकडचं. बीएसएनएलचं नाव असेल तर ऑक्टोबर २००० नंतरचं, त्याआधी दूरसंचार विभाग. पत्त्यात बॉम्बे असेल तर १९९५ च्या आसपास किंवा आधी, पण ही खूण कच्ची. कंपन्यांनी जुनी पाटी पुढे बरीच वर्षं वापरली. सिनेमात धूम्रपानाच्या दृश्याखाली इशारा असेल तर २०१२ च्या अलीकडचं.

सिनेमाच्या सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघून त्यावरची तारीख लिहिणारे पुष्कळ भेटतात. ती सिनेमाची तारीख, प्रसारणाची नाही. जांभाभाऊंचा नियम तिथेही लागू.

हिंदी वाहिन्यांपैकी स्टार प्लसची खूणही ध्यानात ठेवा. जुलै २००० मध्ये ती पूर्ण हिंदी झाली. इंग्रजी कार्यक्रम आणि स्टार प्लसचं चिन्ह एकत्र दिसलं तर त्याआधीचं. लाल तारा जून २०१० चा.

रेवदंडा_रोड

आणि झीची पुढची रूपं? हार्ड डिस्कवरची रेकॉर्डिंग्जसुद्धा लावायची आहेत.

जांभा

झी टीव्हीने जून २०११ मध्ये रूप पालटलं. १५ ऑक्टोबर २०१७ ला, पंचवीस वर्षं झाल्यावर, पुन्हा. झी मराठीचं एचडी रूप २०१६ च्या अखेरीचं. म्हणजे कोपऱ्यात एचडी असेल तर त्यापुढचं.

एक मत मांडतो, पटलं तर बघा. अल्फा हे नाव जाऊन झी येणं हे नुसतं रंगकाम नव्हतं. १९९९ मध्ये प्रादेशिक वाहिन्यांची वेगळी ओळख करायची होती, म्हणून मूळ नाव लांब ठेवलं. २००५ पर्यंत स्टार आणि सोनीने हिंदीत झीला मागे रेटलं होतं आणि प्रादेशिक वाहिन्या मात्र चालत होत्या. अशा वेळी चालत्या वाहिनीवर घराण्याचं नाव लावणं शहाणपणाचंच. ईटीव्हीचं कलर्स झालं तेही त्याच वाटेने, मालक बदलल्यावर.

कातळशिल्प

अर्धं पटलं. अल्फा मराठीने सहा वर्षांत कमावलेलं नाव एका रात्रीत पुसलं हा तोटाही धरा. गावागावांत नंतरही कित्येक दिवस लोक ‘अल्फा लाव’ म्हणत. समूहाचं एकच चिन्ह सगळीकडे लावलं की वाहिन्या कोपऱ्यात सारख्याच दिसतात, आणि नेमकं तेच आपल्या कामाला त्रासाचं. २००५ नंतरच्या अस्पष्ट रेकॉर्डिंगवर झी टीव्ही की झी मराठी हे चिन्हाच्या आकारावरून सांगणं अवघड, खालची अक्षरं वाचावीच लागतात. अल्फाच्या काळात असं होत नव्हतं.

शिंपला_ताई

आणि आता तर वाहिनीचं नाव बिलावर येतं. १ फेब्रुवारी २०१९ ला ट्रायची (दूरसंचार नियामकाची) नवी दरपद्धत आली, तेव्हा १०० वाहिन्यांचं जाळ्याचं शुल्क १३० रुपये होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्या त्यावर वेगळ्या, निवडून. समूहाचं एकच नाव असलं की अख्खा गठ्ठा विकायला सोपं. चिन्हं एकसारखी करण्यामागे मला तरी हा व्यवहार जास्त दिसतो, सौंदर्यदृष्टी कमी.

वशिष्ठीकाठ (चिपळूण)

साल काढण्याआधी कॅसेट चालली पाहिजे, तिकडे कोणीच वळलं नाही म्हणून लिहितो. कोकणात कॅसेट मरते ती बुरशीने.

कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च तिरका मारून फितीची कड बघा. काळीभोर, गुळगुळीत असेल तर ठीक. पांढरट भुकटी, जाळीसारखे ठिपके किंवा कडेला करडी रेघ दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. एका फेरीत हेड भरतात, आणि मग त्या मशीनमध्ये घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागण होते.

आधी सुकवणं. हवाबंद डब्यात दहा-बारा कॅसेट उभ्या ठेवा, तळाला जाळीखाली अर्धा किलो निळं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर भाजून परत निळं करा, निवल्यावरच डब्यात घाला. दोन आठवडे लागतात. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, भट्टी नाही. प्लास्टिकची फीत उष्णतेने ताणली जाते आणि मग चित्र वरच्या भागात वाकतं, ते परत सरळ होत नाही.

मग सफाई. पाच स्क्रू काढून कवच उघडा, उघडताना स्प्रिंग आणि दोन छोटे रूळ उडतात, ताटात धरून उघडा. दोन्ही चक्र्या सुट्या करून चांगल्या, रिकाम्या कवचात बसवा. कड सुकी असताना मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने भुकटी हलकेच टिपा. हे घराबाहेर करा, तोंडाला मास्क हवाच. पुढचं काम बुरशीसाठीच ठेवलेल्या जुन्या मशीनवर: सबंध कॅसेट पुढे आणि मागे गुंडाळताना फीत कापडातून ओढत न्यायची, कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा. थेंब पडेल इतका नको. स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात.

फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पसरतो आणि हेडवर जातो. जोडायची खास पट्टी मिळते, ती पाठच्या बाजूने, आणि चमकदार बाजू कुठली ते आधी बघून.

मिऱ्या_बंदर

वशिष्ठीकाठ, पुरात बुडालेल्यांचं लिहा ना. २०२१ च्या जुलैनंतर बऱ्याच जणांनी त्या तशाच ठेवल्यात.

वशिष्ठीकाठ

पुराच्या कॅसेटचा नियम उलटा. ओली कॅसेट सुकू द्यायची नाही. गाळ फितीच्या थरांमध्ये सुकला की ती वीट होते, उलगडताना चुंबकीय थर निघून येतो. पाणी ओसरलं की लगेच स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. मग कवच उघडून चक्र्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विसळा, साबण नाही. नंतर उभ्या ठेवून पंख्याच्या सावलीतल्या वाऱ्यावर सुकवा.

२०२१ च्या ज्या सुकून गेल्या त्यांच्याबाबत खरं सांगायचं तर घरी हात लावू नका. हाताने चक्री फिरवून बघा. सहज फिरली तर आशा आहे. कडक असेल तर जोर लावायचा नाही, व्यावसायिक माणसाकडे द्या आणि तोवर डबा हवाबंद ठेवा.

कातळशिल्प

संगणकावर घेताना इतकंच पाळा.

व्हीसीआर चालू करण्याआधी हेड पुसा. चामड्याच्या पट्टीला अल्कोहोल लावून ती ड्रमला (हेड बसवलेलं फिरतं नळकांडं) टेकवून धरायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. पट्टी वर-खाली घासली की हेडचं टोक तुटलंच म्हणून समजा. कापसाची काडी तर ड्रमजवळ आणूच नका. किनाऱ्यावरच्या मशीनच्या मागचे आरसीए (चित्र-आवाजाच्या वायरींचे) सॉकेट खारट हवेने हिरवे पडतात. रंग मधूनच जाणं, आवाजात गुणगुण, यांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. खरवडून स्वच्छ करा.

कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळा, मगच प्ले. एसपी (नेहमीचा वेग) की एलपी (निम्मा वेग) ते बघा: ई-१८० कॅसेट एसपीवर तीन तास, एलपीवर सहा. एलपीवर घेतलेली फीत ज्या मशीनवर घेतली त्यावरच नीट वाचली जाते, दुसऱ्यावर पट्टे येतात. ट्रॅकिंग हाताने फिरवून चित्र स्वच्छ होईपर्यंत लावा.

घेताना पॅल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड तसंच ठेवा. हफवाययूव्हीसारख्या न गाळणाऱ्या पद्धतीत तासाला तीसेक ते चाळीस जीबी जातात, डीव्हीत (थोडं दाबून साठवणारी पद्धत) साधारण १३. जागा नसेल तर डीव्ही पुरे, पण थेट एमपी४ करू नका. चिन्हाच्या कडा तिथेच चौकटींत विरतात आणि मग सरासरी काढून काही उपयोग नाही.

चित्र मधेच थबकतं आणि आवाज पुढे जातो ही सगळ्यांची तक्रार. कारण व्हीएचएसची प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे येते आणि कॅप्चर कार्ड गोंधळून फ्रेम टाकून देतं. वेळ सुधारणारं टीबीसी यंत्र महाग पडतं. त्याऐवजी मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून त्यातून सिग्नल पुढे नेला तर पुष्कळ मॉडेलमध्ये काम होतं. सगळ्यात नाही. युपीएस लावायला विसरू नका, आपल्याकडे जूनमध्ये वीज कधी झटका देईल सांगता येत नाही.

रेवदंडा_रोड

फाइलला नाव काय द्यायचं? आत्ता सगळ्या ‘कॅसेट १’, ‘कॅसेट २’.

जांभा

आधी कॅसेटचा क्रमांक, मग वाहिनी, मग काळाची दोन्ही टोकं. उदाहरणार्थ ०१७_अल्फामराठी_१९९९०८-२००५०३. जाहिरातींवरून काळ आवळला की टोकं बदलायची, क्रमांक कधीच नाही. अंदाजाने एकच साल टाकू नका, पुढच्या माणसाला तो पुरावा वाटतो. सोबत एक साधी मजकुराची फाइल: कुठल्या मिनिटाला कुठली खूण दिसली. एकाच कॅसेटवर चार वेळा पुसून घेतलेलं असतं, तेव्हा प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी. तुकडा बदलतो तिथे सेकंदभर चित्र फाटतं आणि रंगीबेरंगी पट्टे सरकतात, तिथली वेळ लिहायची.

वेंगुर्लेकर_आबा

आणि कॅसेटीचां मूळ लेबल?

जांभा

काढायचं नाही, त्यावर चिकटवायचं नाही. फोटो काढून फाइलींबरोबर ठेवा. क्रमांक कवचाच्या कडेवर पेन्सिलीने. मार्करची शाई आपल्या दमट हवेत वर्षभरात फुटते.